बारा प्रेषितांचे सण: कॅलेंडरात सगळे, गावात किती?

पाचूबंदर (धागाकर्ता)

दर डिसेंबरात इथे नाताळावर एक धागा निघतो. कंदील, गोठे, कलकल (फराळाचा गोड पदार्थ), केक असं सगळं होतं आणि जानेवारीत धागा थंडावतो. मग ईस्टरला कुणीतरी विचारतं, 'गुड फ्रायडेला हॅपी म्हणायचं का?' बाकी वर्षभर ख्रिस्ती माणसं काय करतात हे कुणी विचारत नाही आणि आम्हीही सांगायला जात नाही. म्हणून हा धागा, येशूच्या प्रेषितांच्या सणांबद्दल.

ज्यांना अजिबात माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. येशूने आपल्या शिष्यांतून बारा जण निवडले, ते प्रेषित. यहूदा इस्कर्योतने घात केल्यावर रिकाम्या जागी चिठ्ठ्या टाकून मत्थियाला घेतलं. पौल बारांमध्ये कधीच नव्हता, तरी तोही प्रेषित मानला जातो. कॅथलिक कॅलेंडरात यांच्या तारखा अशा: ३ मे रोजी फिलिप आणि धाकटा याकोब एकत्र, १४ मे मत्थिया, २९ जून पेत्र आणि पौल, ३ जुलै थोमा (बोलताना आम्ही थॉमसच म्हणतो), २५ जुलै थोरला याकोब, २४ ऑगस्ट बर्थलमय, २१ सप्टेंबर मत्तय, २८ ऑक्टोबर शिमोन आणि यहूदा तद्दय, ३० नोव्हेंबर आंद्रिया आणि नाताळ उलटताच २७ डिसेंबरला योहान. पौलाच्या परिवर्तनाला २५ जानेवारी आणि पेत्राच्या धर्मासनाला २२ फेब्रुवारी हे आणखी वेगळे.

कॅलेंडरच्या लेखी यातले बहुतेक दिवस एकाच पायरीचे. २९ जून तेवढा एक पायरी वर, आणि भारतात ३ जुलैसुद्धा. पण लोकांच्या लेखी? १४ मे कुणाचा दिवस, असं आमच्या वसईत रविवारच्या मिस्सेनंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) फाटकाशी उभं राहून विचारा. लोक लग्नाची तारीख सांगतील, मत्थियाचं नाव घेणार नाहीत. उलट सांडोरला थॉमस आणि आगाशीला याकोब म्हणजे घरची माणसं, कारण तिथली चर्च त्यांच्या नावाची आहेत. ज्याच्या नावाचं चर्च, त्याच्या सणाला नऊ दिवस नोव्हेना (खास प्रार्थना), रोज वेगळा प्रवचनकार, शेवटच्या दिवशी मोठी मिस्सा, बँड, मिरवणूक, लेकी माहेरी आणि घराघरांत पाहुण्यांच्या पंगती. शेजारच्याच धर्मग्रामात मात्र त्या दिवशी सकाळी सहाच्या मिस्सेला नेहमीच्या चार म्हाताऱ्या.

माझं म्हणणं असं की प्रेषिताचा सण रोमने तारीख छापली म्हणून जगत नाही. एखाद्या गावाने नाहीतर धंद्याने त्याला आपला म्हटलं तरच जगतो. पटतं का? तुमच्याकडे कुठला प्रेषित 'चालतो'?

चिकित्सक_चिंटू

वाचतोय. पहिला प्रश्न, या तारखा आल्या कुठून? मृत्यूच्या तारखा कुणी नोंदवून ठेवल्या होत्या का?

पाचूबंदर

नाही. बहुतेक तारखा एखादं चर्च अर्पण झालं तेव्हाच्या, किंवा अवशेष इकडून तिकडे नेले तेव्हाच्या.

सगळ्यात जुनी नोंद पेत्र-पौलाची. रोममध्ये ३५४ साली तयार झालेल्या एका कॅलेंडरात २९ जूनला पेत्र 'कॅटॅकोम्बमध्ये' आणि पौल 'ऑस्तिया रस्त्यावर' असं लिहिलंय, आणि सोबत २५८ सालच्या कॉन्सलांची (त्या वर्षीच्या रोमन अधिकाऱ्यांची) नावं आहेत. दोघे गेले नीरोच्या काळात, म्हणजे त्याच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधी. त्यामुळे २५८ मध्ये, व्हॅलेरियनच्या छळाच्या धामधुमीत, त्यांचे अवशेष सुरक्षित जागी हलवले असावेत आणि तोच दिवस पुढे सण झाला, असा एक तर्क आहे.

खरी गंमत फिलिप आणि धाकट्या याकोबाची. सहाव्या शतकात रोममधलं प्रेषितांचं बॅसिलिका त्यांना अर्पण झालं, त्यावरून १ मे ही त्यांची तारीख. ती चौदाशे वर्षं टिकली. १९५५ मध्ये पोप पायस बारावे यांनी कामगार दिनाला उत्तर म्हणून १ मे 'कामकरी संत योसेफ' यांना दिला आणि या दोघांची रवानगी ११ मे रोजी झाली. १९६९ च्या सुधारणेत पुन्हा उचलून ३ मे. दोन प्रेषितांना मे महिन्यात नीट बिऱ्हाड मिळेना!

मत्थिया आधी २४ फेब्रुवारीला असायचा, आणि लीप वर्षात २५ ला. पण तो दिवस बऱ्याचदा ईस्टरआधीच्या उपवासकाळात सापडायचा, म्हणून त्याला १४ मे रोजी, येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाच्या आसपास आणलं. निवड झाली ती स्वर्गारोहण आणि पेन्टेकॉस्ट (पवित्र आत्मा उतरल्याचा दिवस) यांच्या मधल्या दिवसांत, तेव्हा हे प्रसंगालाही धरून आहे.

नगरी_बाणा

धागा चांगला आहे, पण 'ख्रिस्ती' म्हणजे फक्त कॅथलिक असं गृहीत धरलंत की काय पाचूबंदरभाऊ?

आमचं घराणं अमेरिकन मराठी मिशनचं, नगर जिल्ह्यातलं. आमच्याकडे संतांचे सण नाहीत. प्रेषित म्हणजे बायबलमधली माणसं, त्यांच्यावर प्रवचन होईल, संडे स्कूलच्या पोरांकडून बारा नावं पाठ करून घेतील (मी 'तद्दय' वर हमखास अडायचो), पण अमुक तारीख पेत्राची म्हणून कुणी नवे कपडे घालत नाही. आमचा गावाचा सण म्हणजे सुगीचा. चर्चमध्ये ज्वारीची कणसं, कोंबड्या, भोपळे आणतात आणि मग लिलाव. एका भोपळ्यावर दोन चुलत्यांची चढाओढ लागली की जो रंग चढतो तो मला कुठल्या नोव्हेनात दिसलेला नाही.

मात्र आमच्याच जिल्ह्यात एसपीजीच्या, म्हणजे अँग्लिकन परंपरेच्या मंडळ्या आहेत. त्यांच्या प्रार्थनापुस्तकात प्रेषितांचे दिवस, त्या दिवशीची खास प्रार्थना आणि वाचनं असं सगळं छापलेलं. १९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि दोन्हीकडची माणसं एका छपराखाली आली. तेव्हापासून कुणाच्या पाळकाचं शिक्षण कुठलं त्यावर ठरतं, आंद्रियाचं नाव निघणार की नाही ते.

पाचूबंदर

गृहीत नाही धरलं, मला जे माहीत ते लिहिलं. तुमच्यासारख्यांनी भर घालावी म्हणून तर 'धागा'.

त्या नागपूरच्या तारखेवरून आठवलं. २९ नोव्हेंबर १९७० ना? तो आगमनकाळाचा (नाताळच्या तयारीच्या आठवड्यांचा) पहिला रविवार होता. आगमनकाळ सुरू होतो तो आंद्रियाच्या सणाला, म्हणजे ३० नोव्हेंबरला, सगळ्यात जवळ असलेल्या रविवारी. म्हणजे अख्खं उपासना वर्ष कुठून मोजायचं याचा खुंटा एका प्रेषिताच्या तारखेजवळ ठोकलाय. तुम्ही त्याचं नाव घ्या नाहीतर घेऊ नका.

नगरी_बाणा

हे माहीत नव्हतं. बरं, एक मात्र आम्ही दोघेही पाळतो. १८ ते २५ जानेवारी ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना सप्ताह. तो संपतो पौलाच्या परिवर्तनाच्या दिवशी. त्या आठवड्यात आमचे पाळक कॅथलिक चर्चमध्ये आणि तुमचे फादर आमच्याकडे. चहा मात्र दोन्हीकडे सारखाच पांचट.

शेणवीवाडा

:)) चहाशी सहमत.

गोव्याकडून भर घालतो. २९ जूनला आमच्या बार्देशात सांगोड असतो. दोन होड्या शेजारी शेजारी बांधतात, वर फळ्या टाकून मांडव करतात, समोर चर्चसारखी सजवलेली कमान, झावळ्या, पताका. त्यावर माणसं चढतात आणि मांडो, दुल्पद, खेळ असं सगळं पाण्यावर चालतं. काठाकाठाने गर्दी. कांदोळीला ऑर्डाच्या खाडीतला सांगोड सगळ्यात नावाजलेला. हा मूळचा मच्छीमारांचा सण, कारण पेत्र स्वतः गालीलच्या समुद्रावर जाळी टाकणारा.

पाचूबंदर, तुमच्या 'धंद्याने आपला म्हटलं' या म्हणण्याला मी आणखी एक जोडेन. जूनअखेर पाऊस धो धो, मासेमारी बंद, होड्या काठाला. हातात वेळ आणि दारात रिकामी होडी, म्हणून तर सांगोड शक्य होतो. पेत्राचा दिवस ऐन हंगामात, समजा नोव्हेंबरात आला असता, तर कुठला खारवी दोन होड्या नाचगाण्याला अडकवून ठेवणार होता? सणाला नुसता भक्त पुरत नाही, सवडही लागते.

रेनकोटवाली

म्हणजे ते विहिरीत उड्या मारतात, डोक्यावर फुलापानांची कोपेलं घालतात, तोच ना? आम्ही गेलो होतो एकदा, भिजून चिंब.

शेणवीवाडा

नाही नाही, तो सांजांव, २४ जूनला, पाच दिवस आधी. आणि तो योहान वेगळा. विहिरीतल्या उड्यांचा योहान म्हणजे बाप्तिस्मा देणारा, येशूचा नातलग. तो प्रेषित नव्हे. प्रेषित योहान झब्दीचा मुलगा, थोरल्या याकोबाचा भाऊ, त्याचा सण २७ डिसेंबरला. योहान असे दोन, आणि बारा जणांतच दोन याकोब, दोन शिमोन (पेत्राचं मूळ नाव तेच), दोन यहूदा. नावांची एवढी टंचाई का होती कोण जाणे.

अंधेरी_पूर्व

दोन योहानांवरून आमच्या भागातली गोष्ट. सीप्झ या उद्योग वसाहतीच्या आवारात पोर्तुगीज काळातल्या एका चर्चचे अवशेष उभे आहेत. ते १५७९ चं, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं. १८४० मध्ये साथीमुळे गाव उठलं आणि लोकांनी मरोळला नवं चर्च उभारलं, ते प्रेषित आणि सुवार्तिक योहानाचं. गाव हललं आणि योहानही बदलला. हिरे-दागिन्यांच्या कारखान्यांमध्ये ती पडकी कमान कशी उभी आहे ते एकदा बघाच, मात्र आत जायला परवानगी लागते.

डोंबिवलीची_सून

पाचूबंदरदादा, तुमचं म्हणणं आमच्या घरी लागू होत नाही.

माझं माहेर साताऱ्याचं, सासर सिरो-मलबार (केरळातल्या सिरियन परंपरेचं) कॅथलिक. आमचा धर्मप्रांत कल्याणचा, १९८८ मध्ये झालेला. यांच्यात ३ जुलैला 'दुक्राना', थॉमसचा स्मरणदिन. तो एखाद्या चर्चचा सण नाही. चर्च कुणाच्याही नावाचं असो, मरियेचं, योसेफाचं, अल्फोन्साचं, दुक्राना सगळ्यांचाच. ५२ साली थॉमस कोडुंगल्लूरला उतरला, त्याच्याकडून आपल्याला श्रद्धा मिळाली आणि ७२ साली मैलापूरला तो हुतात्मा झाला, ही परंपरा लहान पोरालाही ठाऊक असते. सासरे डोंबिवलीत चाळीस-एक वर्षं राहतात, मराठी माझ्यापेक्षा कडक बोलतात, पण ३ जुलैला ते पूर्ण मलबारी. गाव नाही, धंदा नाही, आपण कुठून आलो याची आठवण एवढ्यावर हा सण उभा आहे.

यांच्या उपासना वर्षात पेन्टेकॉस्टपासून सात आठवडे प्रेषितांचा काळच वेगळा असतो. म्हणजे प्रेषितांना एकेक दिवस देऊन भागवलेलं नाही. ईस्टरनंतरच्या रविवारी मलयाट्टूरच्या डोंगरावर गर्दी उसळते तीही थॉमसचीच. 'पोन्निन कुरिशु मुत्तप्पो' असा गजर करत माणसं रात्री चढतात, काही जण खांद्यावर लाकडी क्रूस घेऊन. मी एकदा चढले आहे. पायांचं विचारू नका.

पाचूबंदर

ताई, हा मुद्दा वजनदार आहे. दुक्राना माझ्या मांडणीत बसत नाही हे खरं. फक्त एक पाहा, ३ जुलै ही तारीख तुमच्याकडूनच रोमकडे गेली. लॅटिन चर्चमध्ये थॉमसचा दिवस २१ डिसेंबर होता. सिरियन परंपरेत मात्र ३ जुलै, एदेसा शहरात त्याचे अवशेष नेल्याची आठवण. १९६९ मध्ये रोमने २१ डिसेंबर सोडला, कारण नाताळच्या तोंडावरचे ते दिवस आगमनकाळासाठी मोकळे हवे होते, आणि सिरियन तारीख उचलली. बहुतेक वेळा गोष्टी रोमकडून इकडे येतात, ही इकडून तिकडे गेली.

डोंबिवलीची_सून

हे आज सासऱ्यांना सांगणार. आता आठवडाभर ऐकवतील. (यांच्या ऑर्थोडॉक्स नातेवाइकांकडे २१ डिसेंबर अजून आहे, हुतात्मा झाल्याचा दिवस म्हणून.)

चिकित्सक_चिंटू

आता मी माझं काम करतो. थॉमस भारतात आला याला समकालीन पुरावा काय?

ओवीबद्ध

समकालीन लेखी पुरावा नाही. तिसऱ्या शतकातला 'थोमाची कृत्ये' हा सिरियाक ग्रंथ आहे, त्यात तो गुंदफर राजाकडे सुतार म्हणून जातो. पूर्वी लोक म्हणत, राजाच काल्पनिक. मग वायव्येकडे गोंदोफर्नेसची नाणी आणि तख्त-इ-बाहीचा शिलालेख मिळाला. राजा खरा ठरला, पहिल्या शतकातला. त्याने थॉमस सिद्ध होत नाही, पण गोष्ट अगदी हवेत रचलेली नाही एवढं दिसतं. चौथ्या शतकात संत एफ्रेम लिहितो की एका व्यापाऱ्याने भारतातून थॉमसच्या अस्थी एदेसाला आणल्या. दक्षिणेची परंपरा मुख्यतः तोंडी, गाण्यांतून आलेली.

कोकणापुरतं बोलायचं तर बर्थलमय जास्त जवळचा. चर्चचा जुना इतिहासकार युसेबियस सांगतो की पंतेनस नावाचा ख्रिस्ती पंडित 'इंडिया'त गेला तेव्हा त्याला तिथे बर्थलमयाने ठेवलेली मत्तयाची सुवार्ता मिळाली. हा 'इंडिया' म्हणजे कल्याणच्या आसपासचं कोकण असं पेरुमालिल आणि मोराइस या अभ्यासकांनी मांडलं. त्या काळी अरबस्तान आणि इथिओपियालाही सर्रास इंडिया म्हणत, म्हणून बाकीचे मान डोलवत नाहीत. सहाव्या शतकात 'कल्लियाना'ला (कल्याणला) इराणहून नेमलेला बिशप असल्याचं कॉस्मस या प्रवाशाने मात्र लिहून ठेवलंय.

चिकित्सक_चिंटू

मग ईस्ट इंडियन (मुंबई भागातले मूळचे कॅथलिक) आणि वसईकर मंडळी २४ ऑगस्ट जोरात का करत नाहीत? पहिला हक्क त्यांचा!

पाचूबंदर

कारण दावा पुस्तकातला, आठवणीतला नाही. ताईंच्या सासऱ्यांना थॉमस आजीने सांगितला. मला बर्थलमय एका सेमिनारमध्ये कळला. त्याने बँड वाजत नाही.

राईनकाठ

मी जर्मनीत आहे, मत्थियाच्या बाजूने बोलायला आलोय. त्याला फारच हलक्यात घेतलंत राव.

ट्रियर शहरात मत्थियाची समाधी आहे. आल्प्सच्या उत्तरेला असलेली एकमेव प्रेषिताची समाधी अशी तिची ख्याती. राईनच्या खालच्या भागातल्या गावागावांत मत्थियाची मंडळं आहेत आणि त्यांतली माणसं दर वर्षी चालत ट्रियरला जातात. बाप गेला की मुलगा जातो. आमच्या ऑफिसातला एक इसम, चर्चला नाताळाशिवाय पाय लावत नाही, पण मेमध्ये चार-पाच दिवस सुट्टी टाकून याला निघतो. विचारलं तर म्हणाला, आमच्या गल्लीतले सगळे जातात.

आणि तारखांचं म्हणाल तर जर्मन भाषिक भागात मत्थियाला अजून २४ फेब्रुवारीच ठेवलाय. रोमने हलवला तरी इथल्यांनी हलू दिला नाही.

पाचूबंदर

'गल्लीतले सगळे जातात.' हेच तर मी म्हणतोय! १४ मे छापून काही झालं नाही, गल्लीने मात्र करून दाखवलं.

नगरी_बाणा

तुम्ही प्रत्येक उदाहरण आपल्याच बाजूला ओढताय असं नाही वाटत? :D

पाचूबंदर

धागा माझा आहे.

लोअर_परळ_ते_लीथ

स्कॉटलंडमधून. ३० नोव्हेंबर इथे राष्ट्रीय दिवस, २००७ पासून बँक हॉलिडे, पण सगळ्यांना सुट्टी असतेच असं नाही. आंद्रियाचा तिरपा क्रूस झेंड्यावर आहे. मात्र चर्च ऑफ स्कॉटलंड प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंट, संतांचे दिवस त्यांनी सोळाव्या शतकातच बंद केले. म्हणजे देशभर नाव आंद्रियाचं आणि उपासना जवळपास नाहीच. दिवसभर हॅगिस, नाच आणि बॅगपाइप. पाचूबंदर, तुमच्या मांडणीत हे बसवून दाखवा.

मला त्यापेक्षा वांद्र्याचं सेंट अँड्र्यूज खरं वाटतं. १५७५ च्या सुमाराचं, समुद्राकडे तोंड करून. आंद्रियाही कोळीच होता, पेत्राचा भाऊ. वांद्र्याला दोघांच्या नावाची चर्च आहेत. आजोळ तिथलं, म्हणून थोडा पक्षपात.

शेणवीवाडा

या दोन भावांवरून एक छान प्रथा आहे. २९ जूनला कॉन्स्टँटिनोपलच्या ऑर्थोडॉक्स पाट्रिआर्कचं शिष्टमंडळ रोमला येतं, कारण रोम पेत्राचं. आणि ३० नोव्हेंबरला पोपचं शिष्टमंडळ इस्तंबूलला जातं, कारण ते आसन आंद्रियाचं. फूट १०५४ मध्ये पडली, अजून एका वेदीवर बसत नाहीत, पण भावाच्या सणाला भाऊ माणूस पाठवतो.

वारीतला_एक

कुणी याकोबाचं बोललंच नाही. मी स्पेनमध्ये सान्तियागोची (म्हणजे याकोबाचीच) वाट चाललोय, सारिया गावापासून. प्रमाणपत्र हवं तर शेवटचे किमान १०० किलोमीटर चालावेच लागतात, म्हणून सारियाला आमच्यासारख्या कमी रजा असलेल्यांची झुंबड. २५ जुलै रविवारी आला की ते पवित्र वर्ष. तेव्हा तिथलं पवित्र दार उघडतं. मागचं २०२१ चं (कोविडमुळे २०२२ पर्यंत लांबवलं), पुढचं २०२७.

सगळे विचारतात, वारीसारखं आहे का? वारीत मी दिंडीशिवाय पाऊलही टाकलेलं नाही. तिथे माणसं एकेकटी चालतात आणि संध्याकाळी मुक्कामी एकत्र येतात. पोचल्यावर रांग लावून देवळात याकोबाच्या पुतळ्याला मागून मिठी मारायची. देवाला मागून मिठी मारायची कल्पना मला पंढरपुरात सुचली नसती, पण बरी वाटली.

झाशीवाले_काका

यहूदा तद्दय राहिला. नोकरीनिमित्त झाशीत बरीच वर्षं काढली. तिथे संत ज्यूडचं तीर्थस्थान आहे, २८ ऑक्टोबरला तुफान गर्दी. सगळ्या वाटा बंद झालेल्यांचा संत. घात करणाऱ्याचं आणि याचं नाव एकच, म्हणून शतकानुशतकं कुणी त्याच्याकडे मागणं मागत नव्हतं, त्यामुळे कुणी आलंच तर तो लगेच ऐकतो, असं तिथे लोक सांगायचे. हिंदू, मुसलमान, सगळे यायचे. परीक्षा, कोर्टकचेरी, मूल होत नाही. गाव नाही, धंदा नाही, आठवण नाही, अडचण. हेही तुमच्या यादीत घाला.

पाचूबंदर

घातलं, काका. मुंबईतही ज्यूडला मानणारे ढिगाने आहेत. वर्तमानपत्रांत 'थँक्स टु सेंट ज्यूड' अशा चिमुकल्या जाहिराती यायच्या, आठवतात का?

ओवीबद्ध

अवांतर, पण मराठीत लिहितोय तर सांगायलाच हवं. सतराव्या शतकात गोव्यात एत्येन द ला क्रुआ नावाच्या फ्रेंच जेझुइट धर्मगुरूने पेत्राच्या जीवनावर मराठी ओव्यांत प्रचंड ग्रंथ लिहिला, 'पीटर पुराण' म्हणून ओळखला जातो. छापला रोमन लिपीत. स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणाचं नाव सगळे घेतात, याचं कुणी घेत नाही, आणि कारणही उघड आहे. शीर्षकातच 'इकडच्या मूर्तिपूजकांच्या मुख्य चुकांचं खंडन' अशी घोषणा आहे. स्टीफन्सकडे गोडवा आहे, इथे वकील बोलतो. तरी एका प्रेषितावर मराठीत एवढी ओवी रचली गेली ही लहान गोष्ट नाही.

चिकित्सक_चिंटू

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). एक शेवटचं. वेदीवरच्या वस्त्रांचे रंग? दरवेळी लाल का?

पाचूबंदर

लाल हुतात्म्यांचा. बहुतेक प्रेषित मारले गेले असं परंपरा सांगते. योहान म्हातारपणी नैसर्गिक मरण पावला, म्हणून २७ डिसेंबरला पांढरा. २५ जानेवारी आणि २२ फेब्रुवारीलाही पांढराच, कारण ते मरणाचे दिवस नव्हेत.

रेनकोटवाली

आम्ही ख्रिस्ती नाही. यातलं काही बघायला यायचं तर चालतं का? कधी, कुठे?

पाचूबंदर

खुशाल या. चर्चचा सण बऱ्याच ठिकाणी मूळ तारखेऐवजी जवळच्या रविवारी करतात, म्हणून आधी त्या चर्चची सूचना बघा किंवा ऑफिसात फोन करा. मिस्सेत मागच्या बाकावर बसा, लोक उठले की उठा. कम्युनियनच्या रांगेत मात्र जाऊ नका, ते बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठी असतं. मिरवणुकीत आणि जेवणात कुणी काही विचारत नाही. वसईत कुणाच्या अंगणात थांबलात तर उपाशी परत जाऊ देणार नाहीत, ही जबाबदारी माझी.

शेणवीवाडा

सांगोडाला तर परवानगीचाही प्रश्न नाही, खाडीचा काठ सगळ्यांचा. फक्त छत्री आणू नका. पुढच्याने छत्री उघडली की मागच्या दहा जणांना होडी दिसत नाही आणि मग कोंकणीत जे ऐकावं लागतं ते इथे लिहिता येणार नाही. रेनकोट तुमच्याकडे आहेच.